एनओसी मागितलीस, बरं केलंस

चि. मनूस,


ताईचा फोन आला होता. पुढच्या मोसमात तू दुसऱ्या राज्याकडून पाहुणी खेळाडू म्हणून क्रिकेट खेळणार, त्यासाठी एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) मागितलीस, आणि आरमोरीत अर्ध्या गावाला ते पटलेलं नाही म्हणे. झाडीपट्टीतल्या माणसांनी हे बोलावं याचंच मला नवल वाटतं! वडशाच्या नाटक कंपन्यांचे नट मोसम बदलला की कंपनी बदलतात. गेल्या वर्षी एकीकडचा नायक यंदा दुसरीकडे खलनायक असतो. त्याला कोणी गद्दार म्हणत नाही. नाटक रंगलं का, एवढंच विचारतात.

क्रिकेटमध्येही तेच; फलंदाज करुण नायरचंच बघ. डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद 303, आणि पुढच्या काही महिन्यांत भारतीय संघाबाहेर. मग कर्नाटकनंही वगळलं. आयपीएलचे संघ तर इतके बदलले की मोजायचा कंटाळा यावा. 2023-24 मध्ये तो विदर्भाकडे आला. पुढच्या वर्षी नागपूरजवळ जामठ्याला केरळविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात आपली अवस्था 3 बाद 24 होती. तिथून त्यानं आणि नागपूरच्या कोवळ्या दानिश मालेवारनं 215 धावांची भागीदारी केली. दानिशनं 153 केल्या, करुण 86 वर धावबाद झाला. दुसऱ्या डावात त्यानं 135 काढल्या, त्या सगळ्यांना आठवतात. मला मात्र ती भागीदारीच मोठी वाटते. बाहेरून आलेल्यानं एका टोकाला ठाण मांडलं, म्हणून आपला पोरगा दुसऱ्या टोकाला मोकळा खेळला. पाहुण्या खेळाडूला पैसे मिळतात ते यासाठी. नुसत्या स्वतःच्या शतकांसाठी घरचे खेळाडू काय कमी असतात?

वसीम जाफरही असाच मुंबई सोडून आला होता. 2018-19 च्या मोसमात, चाळिशी ओलांडताना, हजारावर धावा केल्या आणि विदर्भानं लागोपाठ दुसऱ्यांदा रणजी जिंकली. ड्रेसिंग रूममधल्या पोरांना त्याच्याकडून काय मिळालं, ते धावफलकावर येत नाही.

पण गोडगोड लिहिणार नाही. करुणला आठ वर्षांनी, जून 2025 मध्ये लीड्सला पुन्हा कसोटी मिळाली; पहिल्या डावात शून्य. इंग्लंडच्या त्या दौऱ्यात एक अर्धशतक झालं, तरी पुढच्या मालिकेत वगळला. नंतर तो कर्नाटककडे परतला. तुझंही असं होऊ शकतं. दोन मोसम खेळशील आणि तिसऱ्या वर्षी त्यांना त्यांची मुलगी तयार मिळेल. तेव्हा रुसू नकोस. तिला तयार करण्यात तुझाही हात असेल.

आता कामाचं. करार पूर्ण वाचल्याशिवाय सही नको. दुखापत झाली तर मानधनाचं काय, हे लेखी घे. एनओसीच्या दोन प्रती काढ, एक माझ्याकडे पाठव. भाऊजींशी मी रविवारी बोलतो. ते चिडतील, पण क्रिकेटच्या बॅगेचे पैसे तेच देतील.

तुझा मामा