बेस्ड-ऑन: एका ओळीची जादू

सध्या मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलोय: बेस्ड-ऑन! डब्ल्यूपीएफच्या स्टाइलमधली ही एवढीशी प्रॉपर्टी मला नुकतीच सापडली आणि स्क्रीन बांधण्याकडे बघायची माझी नजरच बदलली.

मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये डॉट नेट ३.० बरोबर डब्ल्यूपीएफ हे विंडोज अ‍ॅप्सच्या स्क्रीन बांधायचं फ्रेमवर्क आणलं. त्यात बटणाचं रूप स्टाइलमध्ये एकदाच लिहायचं. स्टाइलला 'की' (ओळखीचं नाव) दिली नाही, नुसता टार्गेट टाइप 'बटन' दिला, तरी त्या हद्दीतल्या सगळ्या बटणांना ती आपोआप लागते.

पण खरी मजा पुढेच आहे! समजा, पूर्ण अ‍ॅप्लिकेशनच्या बटणांना निळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं आणि १२चं पॅडिंग दिलंय. माउस वर नेला की अक्षरं गडद निळी होतात. एका विंडोत हीच अक्षरं ठळक हवीत, म्हणून तिथे बटणाची नवी स्टाइल लिहिली. अक्षरं ठळक झाली, पण निळा रंग गेला, पॅडिंगही गेलं! कारण डब्ल्यूपीएफ अशा दोन स्टाइल्स एकत्र करत नाही. जवळची सापडली की तीच लावतं. तिच्याखाली उरते फक्त विंडोजची थीम.

आता त्याच स्टाइलला बेस्ड-ऑन जोडा आणि स्टॅटिक रिसोर्सने 'एक्स टाइप बटन', म्हणजे बटणाची ती मूळ स्टाइल, मागवा. रंग हजर, पॅडिंग हजर, वर ठळक अक्षरं! इतकंच नाही, माउसचा ट्रिगरसुद्धा मूळ स्टाइलमधून आपसूक आला. वडिलोपार्जित घराला धक्का न लावता वर मजला चढवावा, तसं हे काम! 'हटवा' बटणाला लाल रंग हवा? एकच सेटर लिहा, बाकी सगळं वारशाने. उद्या मूळ पॅडिंग १२चं १६ करा, या वंशातली सगळी बटणं एका झटक्यात बदलतात.

आणि नियम किती नेटके! एका स्टाइलला आधार एकाच स्टाइलचा, पण साखळी हवी तेवढी लांब. 'बटनबेस'साठी लिहिलेली स्टाइल पायाला घ्या. तिच्यावर बटन, टॉगल बटन, रिपीट बटन अशा तिघांच्या स्टाइल्स उभ्या राहतात. डायनॅमिक रिसोर्स इथे चालत नाही, कारण बेस्ड-ऑन ही डिपेंडन्सी प्रॉपर्टी नाही; शिवाय वापरात आलेली स्टाइल सीलबंद होते. मला ही शिस्तच फार आवडली. पाया आधी पक्का करा, मग वर बांधा!

२०१८ मध्ये डब्ल्यूपीएफ ओपन सोर्स झालं, त्यामुळे हे सगळं आतून कसं चालतं तेही गिटहबवर वाचता येतं. जरूर वाचा. पण त्याआधी आपला प्रोजेक्ट उघडा, कॉपी-पेस्ट केलेल्या स्टाइल्स शोधा, त्यातला सारखा भाग एका मूळ स्टाइलमध्ये काढा आणि बाकीच्यांना बेस्ड-ऑन द्या. आजच करून बघा!