निवड

मराठी भाषेंत ‘निवडणें’ हें क्रियापद मोठें विलक्षण आहे. घरांतील आई सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडते, तेव्हां ती खडे वेंचून बाहेर टाकते आणि दाणा न् दाणा सुपांत राखते. आपला शेतकरी खळ्यावर बसून शाळूचीं कणसें निवडतो, तेव्हां तो भरदार व टपोरीं अशीं मोजकींच कणसें बियाण्यासाठीं बाजूस काढतो आणि बाकीचा ढीग तसाच राहूं देतो. शब्द एकच, परंतु क्रिया दोन. पहिलींत राखावयाचें पुष्कळ व टाकावयाचें थोडें. दुसरींत उचलावयाचें थोडें व मागें ठेवावयाचें पुष्कळ. शिष्यवृत्तीची परीक्षा, क्रीडेचे सामने, नृत्यगायनाची चढाओढ यांत जी निवड होते ती दुसऱ्या जातीची होय. घरांत व शाळेंत जी व्हावयास पाहिजे ती पहिल्या जातीची. या दोहोंमधील भेद विद्यार्थी व पालक या उभयतांनीं ध्यानांत घ्यावा, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

हा विचार मनांत येण्यास निमित्त झाला तो आमच्या शिरोळचाच एक विद्यार्थी. वार्षिक स्नेहसंमेलनासाठीं लेझीम, समूहनृत्य वगैरे कार्यक्रम बसविण्याचें काम पुष्कळ वर्षांपासून मजकडे आहे. दरसाल चाळीस-पन्नास मुलें पुढें येतात व मला त्यांतून सोळा घ्यावीं लागतात. गेल्या वर्षीं इयत्ता आठवींतील हा मुलगा त्या सोळांत होता. घरीं उसाची थोडी जमीन. २०१९ व २०२१ या सालांच्या महापुरांनीं ज्या कुटुंबांचें कंबरडें मोडलें त्यांपैकींच हें एक. मुलास मात्र ईश्वरानें विलक्षण ताल दिलेला. हलगी कोठेंहि वाजूं द्या, याचे पाय उभ्या जागीं हलूं लागावयाचे.

एके दिवशीं सराव संपल्यावर तो मजजवळ आला व म्हणाला, “सर, मुंबईचा एक मुलगा नाच शिकायला लंडनला गेला म्हणतात, ते खरं आहे का? त्याला कुणी निवडला?”

मोबाइलवर त्यानें कोठेंतरी तें पाहिलें होतें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें चटकन् देतां आलें. दुसऱ्याचें उत्तर शोधूं लागलों, तेव्हां एक निराळेंच जग मजपुढें उघडलें.

ज्या नृत्याविषयीं तो विचारीत होता त्यास ‘बॅले’ असें म्हणतात. इटली व फ्रान्स येथील राजदरबारांत हें नृत्य वाढीस लागलें. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें १६६१ सालीं नृत्याची एक राजमान्य संस्था स्थापन केली, आणि आजहि बॅले जगांत कोठेंहि शिकविला जावो, त्यांतील पावलांचीं नांवें फ्रेंचच असतात. पाय ठेवण्याच्या मूळ पद्धती पांच. पाय मांडीच्या खुब्यापासून बाहेरच्या अंगास वळवावे लागतात. लांकडी दांड्यास हात टेकून सावकाश गुडघे वांकविण्याची जी क्रिया नवशिका विद्यार्थी पहिल्या दिवशीं करतो, तीच क्रिया रंगभूमि गाजविलेला नर्तकहि रोज सकाळीं करीत असतो. आपल्या पैलवानाच्या बैठका आणि गवयाची खर्जसाधना यांच्याच जातीची ही गोष्ट होय. भारताशीं या नृत्याचा संबंधहि अगदीं नवा नव्हे. विख्यात रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा हिच्यासमवेत १९२३ सालीं लंडनच्या रंगभूमीवर कृष्ण होऊन नाचले ते उदय शंकर. आणि ते लंडनला गेले होते ते चित्रकला शिकावयास.

इंग्लंडांतील ‘रॉयल बॅले स्कूल’ ही शाळा निनेट द व्हॅल्वा या बाईंनीं १९२६ सालीं काढली. तिचा लहान मुलांचा विभाग लंडनजवळ रिचमंड पार्कमध्यें, राजघराण्यानें मृगयेसाठीं बांधलेल्या एका जुन्या वाड्यांत आहे. अकरा वर्षांचीं मुलें घर सोडून तेथें राहतात व नृत्याबरोबरच तुमच्यासारखा गणितभाषांचा अभ्यास करतात. प्रवेश देतांना परीक्षक केवळ हौस पाहत नाहींत. खुबा किती वळतो, पावलाची कमान कशी आहे, पाठ किती लवते, ताल कानांत आहे कीं नाहीं, हें सर्व पाहिलें जातें. यांत बरेंचसें हाडांच्या ठेवणीवर अवलंबून असतें. आणि हाडांची ठेवण हा मुलाचा पराक्रमहि नव्हे आणि अपराधहि नव्हे. म्हणूनच तेथें निवड न झालेल्या मुलाचे श्रम कमी पडले असें म्हणतां येत नाहीं.

शाळेंत प्रवेश मिळाला तरी पुढें स्पर्धा आहेतच. ब्रिटनमध्यें १९३१ सालापासून ॲडेलीन झने या नर्तकीच्या नांवानें सुवर्णपदकाची स्पर्धा होत आली. अलीकडे तिला मार्गो फाँटेन या थोर इंग्रज नर्तकीचें नांव दिलें आहे. स्वित्झर्लंडांतील लोझान गांवीं १९७३ पासून पंधरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची जगप्रसिद्ध स्पर्धा भरते. तेथें जो जिंकतो त्याला मिळतें तें चांगल्या नृत्यशाळेंत पुढें शिकण्याचें साधन. म्हणजे श्रमाचें बक्षीस अधिक श्रम! त्याहूनहि मला आवडलेली गोष्ट अशी कीं, लोझानचे परीक्षक केवळ रंगमंचावरचें दोन-चार मिनिटांचें नृत्य पाहून गुण देत नाहींत. त्या आठवड्यांत उमेदवारांचे जे वर्ग चालतात, तेथें बसूनहि ते त्यांस पारखतात. मुलगा शिकतो कसा, सांगितलेली चूक सुधारतो कसा, हेंहि त्यांना पाहावयाचें असतें. १९८६ सालीं तेथें पारितोषिक मिळविणारी डार्सी बसेल पुढें इंग्लंडची अग्रगण्य नर्तकी झाली. ती रॉयल बॅले स्कूलमध्यें आली तेराव्या वर्षीं, म्हणजे अकराव्या वर्षीं आलेल्या मुलांच्या मानानें उशिरांच.

आतां आमच्या विद्यार्थ्यानें ज्याच्याविषयीं विचारलें त्या मुलाकडे वळूं. त्याचें नांव अमीरुद्दीन शाह. २०१७ सालीं तो या शाळेंत दाखल झाला. वडील वेल्डिंगचें काम करणारे. त्याचा मुंबईतील सहाध्यायी मनीष चौहान. त्याचे वडील टॅक्सी चालवीत. या दोघांचे गुरु इस्रायलमध्यें जन्मलेले येहूदा माओर. मुंबईच्या एका नृत्यसंस्थेंत शिकवीत असतां या वृद्ध गृहस्थांची दृष्टि या दोन मुलांवर गेली. मनीषनें बॅलेस आरंभ केला तो ज्या वयांत इतर देशांतील मुलें शिक्षण संपवून रंगभूमीवर येतात त्या वयांत. तरी माओर यांनीं त्याला परत पाठविलें नाहीं. अमीरुद्दीनच्या लंडनमधील खर्चासाठीं पुष्कळ लोकांनीं वर्गणी दिली. मनीष पुढें अमेरिकेंत गेला व न्यूयॉर्कच्या एका नृत्यमंडळींत नाचूं लागला. या दोघांच्या जीवनावरून सूनी तारापोरवाला यांनीं २०२० सालीं ‘ये बॅले’ हा चित्रपट काढला. त्यांत स्वतःवर बेतलेली भूमिका मनीषनें स्वतःच केली आहे.

तेव्हां ‘त्याला कुणी निवडला?’ या प्रश्नाचें खरें उत्तर काय? लंडनच्या परीक्षकांनीं निवडला हें तर उघडच आहे. परंतु त्यांच्यापुढें तो उभा राहण्यापूर्वीं गुरूनें त्याला राखला होता. घरांतील माणसांनीं त्याची वाट अडविली नव्हती. आणि ज्यांनीं त्याचें नृत्य कदाचित् कधीं पाहिलेंहि नसेल अशांनीं त्याच्या हातावर पैसा ठेवला होता. परीक्षकाच्या निवडीपूर्वीं या सर्व निवडी झाल्या, आणि त्या पहिल्या जातीच्या, दाणा राखणाऱ्या होत्या.

हें सारें दूरचें वाटत असेल तर आपल्या कोल्हापूरकडे पाहावें. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस जातांना त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनीं सोसला. तांबड्या मातींत वाढलेला हा मल्ल तेथें गादीवर लढला व सहावा आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें तर पुन्हा पैशाची अडचण. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गांवकऱ्यांनींहि यथाशक्ति भर घातली. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांची मिरवणूक निघाली ती शंभरांहून अधिक बैलगाड्यांची. आणि पुढें कुस्त्या भरवून त्यांनीं त्या घराचें ऋण फेडलें. नृत्य असो वा कुस्ती, परदेशच्या पंचानें हात वर करण्याआधीं गांवांतल्या कोणीतरी तो हात धरलेला असतो.

आमच्या विद्यार्थ्यास मीं हें सर्व सांगितलें. त्यानंतर कांहीं दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. टोपी काढून खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “सर, पोरगं सारखं नाचाचंच बोलाय लागलंय. गावातली टवाळ पोरं त्याला नाच्या म्हणाय लागलीत. तुम्ही जरा समजावून सांगा.”

तमाशांतील ‘नाच्या’ हा शब्द आपल्याकडे मुलास किती झोंबतो, हें शिरोळ भागांतील वाचकांस सांगणें नको.

मीं विचारलें, “बापू, गणपतीत तुम्ही लेझीम खेळता, तेव्हा तुम्हांला कुणी असं म्हणतं का?”

“लेझीम म्हंजे मर्दानी खेळ हाय, सर.”

“या नाचात गड्याला जोडीदारणीला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरावं लागतं, आणि तेही चेहऱ्यावर श्रम न दाखवता. ते काय बिनताकदीचं काम आहे?”

ते हंसले. परंतु लगेच गंभीर होऊन त्यांनीं विचारलें, “आणि न्हाई झाली निवड, तर?”

या साध्या प्रश्नांत एका बापाचें सारें काळीज होतें. पुरानें दोनदां ऊस कुजविलेल्या घरांत एका मुलाचीं चार वर्षें वायां जाणें म्हणजे काय, हें ते जाणून होते. त्यांना खोटी आशा दाखविणें मला योग्य वाटलें नाहीं. बॅले शिकविणारें आपल्या गांवीं कोणी नाहीं, वय पुढें गेलें आहे, खर्च फार आहे, आणि लंडन-लोझानला पोंचणारीं मुलें हजारांत एखादें, असें मीं स्पष्ट सांगितलें. मग म्हणालों, “निवड होईलच म्हणून शिकवायचं नाही, बापू. ताल त्याच्या अंगात आहे, तो वाया जाऊ नये म्हणून शिकवायचं.” बराच वेळ विचार करून त्यांनीं रविवारीं सांगलीच्या नृत्यवर्गास जाण्याची मुलास परवानगी दिली, अभ्यास मागें पडतां कामा नये आणि शनिवारचें शेतांतलें काम चुकतां कामा नये, या दोन अटींवर.

यंदां जिल्ह्याच्या समूहनृत्य स्पर्धेसाठीं निवड झाली. आमच्या मुलाचें नांव त्या यादींत नव्हतें. त्या दिवशीं तो कोणाशीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर मैदानावर पाहतों तों हा उभा, आणि समोर इयत्ता पांचवी-सहावींतील वीसबावीस मुलें. संमेलनाच्या सोळांत जीं आलीं नव्हतीं, तींच हीं. “सर, यांना मी लेझीम शिकवू का? एखादा दुसरा मेळ बसवू,” त्यानें विचारलें. मीं होकार दिला. महिनाभर तीं मुलें रोज संध्याकाळीं घुमत राहिलीं. संमेलनाच्या रात्रीं त्या दुसऱ्या मेळासाठीं हलगी वाजविण्यास उभे राहिले ते त्या मुलाचे वडील.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणाची निवड उद्यां मोठ्या ठिकाणीं झाली तर आम्हां शिक्षकांस धन्यता वाटेल. परंतु जेथें शेंकडों येतात व एक घेतला जातो, तेथें नव्याण्णवांनीं स्वतःस खडा समजूं नये. शेतकरी बियाण्याचीं कणसें काढून घेतो तेव्हां उरलेला ढीग तो उकिरड्यावर टाकीत नाहीं. त्याच ढिगाची भाकरी होते व त्या भाकरीवर सारें घर वर्षभर जगतें. ज्या समाजांत नाचणारा एकच आणि ताल जाणणारे कोणीच नाहींत, तेथें त्या एकाचें नृत्य तरी पाहणार कोण?

आणि पालकबंधुभगिनींनो, परीक्षक आपल्या मुलास एकदां पाहतो. आपण त्यास रोज पाहतां. त्याचें काम सोपें, आपलें कठीण. यादींत नांव नसलेला मुलगा ज्या संध्याकाळीं घरीं येतो, त्या संध्याकाळीं त्याला ‘वेळ फुकट गेला’ असें न म्हणतां ‘आज काय शिकलास?’ असें विचारावें. सुपांतला दाणा राखला जातो तो अशाच वेळीं.