विक्रांतची डावी बाजू

तिरोड्याहून कुठलाही समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली, तेव्हापासून ती ठोकळ्यांत बांधायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. खरी विक्रांत २६२ मीटर लांब. दोनशे पटीने लहान केली तरी १३१ सेंटीमीटर!

धान विकून बाजूला ठेवलेले पैसे अस्सल लेगोच्या ठोकळ्यांत उजव्या बाजूलाच संपले. डावीसाठी मी तसेच दिसणारे स्वस्त ठोकळे आणले. ते एकमेकांत घट्ट बसत होते, तेवढ्यावर मी निर्धास्त झालो. चूक तिथेच झाली.

लेगोच्या ठोकळ्यावरची गोल बटणं एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात. १३१ सेंटीमीटरमध्ये ती जवळपास १६४ येतात. स्वस्त ठोकळ्यात हे अंतर ०.०५ मिलिमीटरने जास्त असलं तर बोटाला कळत नाही, पण १६४ वेळा साठलं की ८ मिलिमीटर होतं, म्हणजे अख्खं एक बटण. पुढे नाळेशी दोन्ही बाजू मिळवायला गेलो, तर डावी साधारण तेवढीच पुढे आलेली.

ती बाजू भाच्याने लावली होती. मी त्याच्यावर ओरडलो, "एक बटण जास्त धरलंस."

"मामा, मी दोनदा मोजलंय."

मी ऐकलं नाही. त्याच्यादेखत टोकाची रांग उपटली आणि वरचं डेक दाबून बसवलं. सकाळी डेक मधोमध फुगून सुटलेलं होतं. भाच्याने काही न बोलता दोन्ही जातींच्या ठोकळ्यांच्या सारख्याच मोजणीच्या रांगा भिंतीला टेकवून फरशीवर मांडल्या. टोकं जुळत नव्हती. तरीही त्याची माफी मागायला मी बरेच दिवस लावले. ठोकळे वाया गेले त्यापेक्षा याचं मला जास्त वाईट वाटतं.

लेगोचं ९,०९० तुकड्यांचं टायटॅनिकही याच प्रमाणातलं, १३५ सेंटीमीटर लांब. ते तीन भागांत वेगळं होतं. आम्हीही आता तीन भाग केलेत. लांबीला फक्त अस्सल ठोकळे, स्वस्त ते आत भरायला. अडलंय ते डावीकडे बाहेर झुकणाऱ्या डेकच्या तोलाशी. उजवीकडच्या मनोऱ्याखाली वजन घालू, असं भाचा म्हणतो. मला ते पटतंय.