मास्तर नाचत नाहीत

आमची पुतणी पुण्यात नोकरी करते आणि शनिवारी रात्री नाचायला जाते. पैकी पहिली गोष्ट तिने घरी ताबडतोब कळवली होती, दुसरी जरा सवडीने. गेल्या पावसाळ्यात मी आणि सौ. अंबाजोगाईहून तिच्याकडे पंधरा दिवस राहायला गेलो होतो. रविवारी दहाच्या सुमाराला डोळे चोळत ती स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीत अंग टाकून म्हणाली, "काकू, आधी चहा. काल सहा तांदे नाचले, पायांचे तुकडे पडलेत नुसते."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. उमेदीची वर्षे बीड जिल्ह्यात मास्तरकी करण्यात घालवलेल्या माणसाला तांडा एकच ठाऊक. "सहा तांडे? एका रात्रीत?" मी म्हणालो. "अगं, धारूरच्या डोंगरात सहा तांडे नुसते पायी फिरायचे म्हटले तरी दिवस मोडतो!"

"तांडे नाही हो काका, तांदे! दगडातला द. टँगोमधले!"

मग चहाबरोबर आमची शिकवणी झाली. टँगो हा जोडीचा नाच. तो दक्षिण अमेरिकेतला, ब्वेनोस आइरेस आणि मोन्तेविदेओ या दोन बंदरांच्या गरीब वस्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढलेला. इटलीतून, स्पेनमधून पोटामागे बोटीत बसून आलेली माणसे, तिथलेच गुराखी, गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुले-नातवंडे, अशा सगळ्यांनी मिळून तो घडवला. त्यात जी बांदोनिऑन नावाची भात्याची पेटी वाजते तीही मूळची तिथली नव्हे, जर्मनीची. म्हणजे माणसे परगावची, वाद्य परगावचे आणि नाच मात्र त्या गावाचा. २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत बसवले. या नाचाच्या मैफलीला म्हणतात मिलोंगा. तिच्यात तीन किंवा चार गती सलग वाजतात, त्यांचा एक तांदा. तो एकाच जोडीदाराबरोबर पुरा करायचा, मध्येच सोडून जाणे मोठे असभ्यपणाचे. मग थोडा वेळ निराळेच कसले तरी संगीत लागते. त्याला पडदा म्हणतात. जोड्या सुटतात, जो तो आपल्या खुर्चीवर जातो, आणि पुढच्या तांद्याला नवी जोडी.

"पण तांदा म्हणजे काय?" मी मास्तरी सोडली नाही.

"म्हणजे पाळी. खेप म्हणा हवं तर."

खेप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे उसाने भरलेली ट्रक आली. पण ते मी बोललो नाही.

"जाऊ या की एकदा बघायला," सौ. म्हणाली. बाहेर कुठे जायचे म्हटले की आमच्या घरात उत्साहाची वाटणी फार विषम आहे. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो.

एका जुन्या इमारतीचा वरचा मजला, कडेने खुर्च्या, मंद दिवे. मंडळी पिशवीतून नाचाचे जोडे घेऊन येत होती आणि देवळात काढावेत तसे बाहेरचे जोडे काढून ते घालीत होती. मी मनात काय काय घेऊन गेलो होतो ते आता सांगत नाही, पण प्रत्यक्षात पाहिले ते आमच्याकडच्या हळदीकुंकवाइतके सभ्य होते. कोणाचा तरी वाढदिवस होता. त्या बाईंना मधे उभे केले आणि एकेकाने दोन-दोन मिनिटे त्यांच्याबरोबर नाचून त्या पुढच्याच्या हाती दिल्या. मग केक झाला. एक गृहस्थ घरून शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले होते. कोण सध्या दिसत नाही, कोणाची बदली झाली, कोणाच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, सगळ्या चौकशा यथासांग चालल्या होत्या. जोड्या मात्र सगळ्या एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, एकमेकांना धक्का न लावता फिरत होत्या. पुण्याच्या रस्त्यावर ही माणसे अशी का वागत नाहीत, हे मला कोडेच आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात रुतून बसली. तिथे "नाचता का?" असे कोणी तोंडाने विचारीत नाही. दुरून नजरेला नजर भिडवायची आणि मान किंचित हलवायची. समोरून मान हलली तर उठायचे. नको असेल तर समोरच्याने दुसरीकडे पाहायचे. बस्स. विचारल्याचे कोणाला कळत नाही आणि नाकारल्याचेही कळत नाही.

"किती सोयीचं आहे नाही?" पुतणी म्हणाली.

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

त्याचे कारण सांगायचे तर मला १९८१ सालात जावे लागेल. बालाघाटाच्या रांगेत धारूरच्या बाजूला एका गावी मी शाळामास्तर होतो. नवे लग्न, भाड्याच्या दोन खोल्या. गावापासून कोसभरावर बंजाऱ्यांचा तांडा होता. पन्नास-साठ घरे, एक नाईक, एक कारभारी आणि सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा. हे लोक स्वतःला गोर म्हणवतात. बोली त्यांची त्यांची, राजस्थानीच्या नात्यातली. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून यांचे तांडे हिंदुस्थानभर फिरत. आगगाडी आली आणि तो व्यापार बुडाला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या फिरत्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांत यांच्यातले कित्येक सापडले. तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडले. बैल गेले, व्यापार गेला, पण वस्तीचे नाव तांडाच राहिले.

त्या दिवाळीत, अमावास्येच्या रात्री, आमच्या दाराशी आठ-दहा मुली उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात दिवा. तांड्यावरच्या कुमारिका त्या रात्री घरोघर दिवे घेऊन जातात आणि थोरामोठ्यांना गाण्यातून दिवाळीचे सुख चिंततात. त्याला मेरा म्हणतात. आधी आईला, म्हणजे याडीला, मग बापाला, भावाला, नाइकाला. दुसऱ्या दिवशी सकाळी याच मुली रानात जाऊन फुले आणतात आणि शेणाचे गोधन पुजतात. खरे म्हणजे मेरा तांड्याबाहेर आणायचे काही कारण नव्हते. पण त्यांच्यात माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे, आणि वर्गात प्रश्न विचारून मास्तरला अडचणीत आणणारी. "मास्तर, तुम्हाला पण मेरा," ती म्हणाली. दिव्याच्या उजेडात त्या मुली अंगणात गोल करून गायल्या. सौ.ने त्यांना करंज्या दिल्या. एवढी देखणी दिवाळी आमच्या घरात पुन्हा झाली नाही.

आठवडाभरात तांडा रिकामा झाला. सह्याद्रीच्या पाठीमागे पडलेला आमचा जिल्हा. पाऊस आला तर आला. म्हणून दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, नगरकडे ऊस तोडायला जात, आजही जातात. मुलेबाळे, कोंबड्या, तवा, परात, सगळे गाडीत. कारखान्याजवळच्या रानात कोप्या घालून पाच-सहा महिने राहायचे, पहाटे थंडीत उसाच्या फडात उतरायचे. शाळेच्या हजेरीपटावर मी ओळीने 'गैरहजर' लिहीत असे. पुढे हंगामी वसतिगृहे निघाली आणि काही मुले मागे राहू लागली. त्या वेळी आजी-आजोबा घरी असतील तरच मूल शाळेत.

या धंद्यात माणूस एकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडायचे, साळायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची, हे जोडीचे काम. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याची उचलही अर्धी. म्हणून हंगाम जवळ आला की घाईघाईने लग्ने लागत. १९८२ साली माझी ती विद्यार्थिनी अशीच एका कोयत्याचा अर्धा भाग होऊन गेली. वय पंधरा. मी तिच्या बापाला जाऊन बोललो होतो. कायदा सांगितला, तिची वही दाखवली. त्याने वही उलटसुलट पाहिली, परत दिली आणि मला चहा पाजला.

१९८३ ची होळी. हंगाम संपत आला होता, बऱ्याच टोळ्या सणाला घरी परतल्या होत्या. नाइकाने आम्हां उभयतांना आग्रहाने बोलावले. तांड्याची होळी आपल्यासारखी संध्याकाळी पेटत नाही, पहाटे पेटते. आम्ही काळोखात कंदील घेऊन चालत गेलो. होळी पेटली, डफ वाजू लागले आणि लेंगी सुरू झाली. लेंगी म्हणजे होळीची गाणी आणि त्यांच्यावरचा फेर. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. बायकांच्या अंगावर आरशांनी मढवलेली कांचळी, घेरदार फेट्या, केसांत टोपल्या, दंडापर्यंत बलिया. गोल फिरताना त्या आरशांत जाळ हलत होता. मला आपला भोंडला आठवला. पण आपला भोंडला सोळा-सतरा गाण्यांत दमतो आणि खिरापतीकडे वळतो. इथे उन्हे वर आली तरी कोणी थांबेना.

मग धुंड झाली. त्या वर्षात ज्या घरात मुलगा जन्मला त्या घरी होळीची सगळी मंडळी जातात. बाळावर वस्त्र धरतात, वर काठीवर काठी वाजवत आशीर्वादाचे गाणे म्हणतात. दुपारी अन्नाची भांडी राखत बायका काठ्या घेऊन उभ्या राहिल्या आणि पुरुषांनी ती पळवायची. सहा महिने मुकादमाचा शब्द झेललेले गडी त्या काठ्या हसत हसत पाठीवर घेत होते. कोण परत आले, कोण अजून कारखान्यावर अडकले, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोण आता कधीच येणार नाही, हे सगळे त्या एका दिवसात तांड्याला कळत होते. शिरगणतीला दुसरा कुठला कागद लागत नव्हता.

आणि त्या फेरातून ती आली. पोरगी वर्षात वाळली होती. तळहाताला घट्टे, मनगटावर कोयत्याची खूण. पण हसणे तेच. "काकू, चला! मास्तर, तुम्ही पण!"

सौ. तिथल्या तिथे चपला काढून, पर्स माझ्या हाती देऊन फेरात शिरली. मी उभाच. सगळे थांबून माझ्याकडे पाहू लागले. डफवाल्याने हात वर धरला. मी खिशातून पाच रुपये काढले आणि फाग म्हणून दिले. होळीला फाग मागायचा त्यांचा हक्कच असतो. मग मी मोठ्याने म्हणालो, "मास्तर नाचत नाहीत."

लोक हसले, डफ पुन्हा वाजला. ती मात्र हसली नाही. वास्तविक माझ्या मनात राग होता तो तिच्या बापावर, त्या लग्नावर, मुकादमावर आणि थोडा स्वतःवर. फेरात उतरलो तर हे सगळे मला मान्य आहे असा अर्थ होईल, असे काहीतरी थोर विचार मी तेव्हा करीत होतो. परत येताना सौ. म्हणाली, "ती विचारत होती, मास्तर माझ्यावर रागावलेत का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? तुम्हीच सांगायचं होतं."

त्या मुलीला वर्षातून हा एक दिवस होता. त्या दिवशी तिला ऊस नव्हता, मोळी नव्हती, खाडा नव्हता. तो तिने मला देऊ केला आणि मी तिला कायद्याचे कलम दाखवावे तसा चेहरा दाखवला.

पुढे माझी बदली झाली. ती मला एकदाच भेटली, बऱ्याच वर्षांनी, अंबाजोगाईच्या बसस्थानकावर. मुलाला कॉलेजात घालायला आली होती. सौ.च्या गळ्यात पडली, मला वाकून नमस्कार केला आणि सौ.ला म्हणाली, "मास्तरांना नाचायला शिकवलं का नाही अजून?" मी बोलायला तोंड उघडले, तोच त्यांची गाडी लागली. आमच्या गावच्या योगेश्वरीचे परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरले होते, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले, अशी कथा लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या दगडांबद्दल मला अलीकडे फार आपुलकी वाटते.

तर पुण्याच्या त्या मजल्यावर साडेअकरा वाजले. नवशिक्यांना थोडी पावले शिकवण्याची तिथे पद्धत आहे. सौ. संध्याकाळीच त्यांच्यात जाऊन उभी राहिली होती, आणि चपला, पर्स माझ्याकडे होत्या. आता ती पुतणीजवळ पलीकडच्या भिंतीशी बसून लाडू खात होती. शेवटची गत लागली. 'ला कुम्पार्सिता' तिचे नाव, मोन्तेविदेओच्या एका विद्यार्थ्याने शंभरावर वर्षांपूर्वी रचलेली. ती लागली की मैफल संपली असे समजायचे, आपल्या भैरवीसारखे. जोड्या भराभर उठल्या.

पलीकडून सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. अगदी किंचित, तिथल्या रीतीप्रमाणे. कोणाला काही कळले नाही. मी चष्मा काढून पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. परत डोळ्यांवर चढवला तरी ती पाहतच होती.

मी पर्स खुर्चीवर ठेवली. चपला कुठे ठेवाव्यात हे मात्र सुचेना, म्हणून त्या हातात घेऊनच निघालो.