कायदा त्यांच्या कातडीसाठी

जर्मनीने १९९४ साली काही ॲझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आम्हा रंगवाल्यांचं एकमत होतं: हा आरोग्याचा प्रश्न नाही, धंद्याची खेळी आहे. आमचा माल स्वस्त पडतो, तो त्यांच्या डोळ्यांत सलतो, म्हणून कर्करोगाचं भूत उभं केलंय. हे मी चहाच्या टपरीवर बोललो, असोसिएशनच्या बैठकीत बोललो आणि सरकारला द्यायच्या एका निवेदनाच्या मसुद्यातही जरा सौम्य शब्दांत घातलं. पुढे बरीच वर्षं मी याच मताचा होतो. आज नाही. म्हणून युरोपचा भक्त झालो असंही कुणी समजू नये. माझे काही जुने आक्षेप अजून शाबूत आहेत, तेही सांगणार आहे.

आधी थोडं रसायन. ॲझो रंगात दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध असतो आणि रंगाची सगळी करामत त्या बंधात असते. कापडाच्या रंगांतला सगळ्यात मोठा गोतावळा याच कुळातला. बंध तसा पक्का, पण त्वचेवरचे आणि आतड्यातले काही जिवाणू, यकृतातली काही विकरं तो तोडू शकतात. तुटला की ज्या अमाइनपासून रंग बनवला, ते अमाइन मोकळं होतं. सगळी अमाइनं वाईट नसतात. पण बेन्झिडिन किंवा बीटा-नॅप्थिलअमाइन यांनी माणसाच्या मूत्राशयात कर्करोग होतो, याबद्दल आता कुणाचंच दुमत नाही. जर्मनीचं म्हणणं एवढंच होतं, की असली अमाइनं सोडणारा रंग अंगाला लागणाऱ्या वस्तूत नको. २००२ मध्ये युरोपीय संघाने तेच सगळ्या सदस्य देशांना लागू केलं. कपडे, चादरी, टॉवेल, बुटांचं कातडं, घड्याळाचा पट्टा, कापडी खेळणी हे सगळं त्यात आलं. मर्यादा ठरली एक किलो मालात तीस मिलिग्रॅम. आज यादीत २२ अमाइनं आहेत.

माझा आक्षेप शास्त्रीय होता, निदान मला तसं वाटायचं. माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकलेल्या माणसाला पॅरासेल्ससचं तत्त्व कुणी वेगळं सांगावं लागत नाही: मात्रा ठरवते विष कोणतं ते. दोनशे ग्रॅमचा शर्ट धरा. मर्यादेवर असला तर त्यात सहा मिलिग्रॅम अमाइन, तेही बांधलेलं. त्यातलं सुटणार किती, कातडीतून आत जाणार किती? आणि चाचणीची पद्धत पाहिली की हसूच यायचं. एक ग्रॅम कापडाचे तुकडे करायचे, सायट्रेट बफरमध्ये सत्तर अंशांवर अर्धा तास ठेवायचे, मग त्यात सोडियम डायथायोनाइट घालायचं, म्हणजे रंगणी कारखान्यात पोऱ्यालाही माहीत असलेलं हायड्रो, आणि आणखी अर्धा तास. एवढं केल्यावर बंध तुटणारच. मी बैठकीत विचारायचो, हायड्रोचा घाम कुणाला येतो हो? लोक हसायचे. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. चाचणी शर्ट घालणाऱ्याच्या अंगावर नेमकं काय होतं ते मोजत नाही, जास्तीत जास्त काय सुटू शकेल ते मोजते.

मत बदलायला निमित्त झालं एका फॉर्मचं. युरोपला कापड पाठवणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांनी लेखी हमी मागायला सुरुवात केली: तुमच्या रंगात यादीतलं एकही अमाइन वापरलेलं नाही, असं लिहून द्या. लिहून द्यायचं म्हणजे गोदामात जाऊन पिंपांवरची नावं यादीशी ताडून पाहायची. फास्ट गार्नेट जीबीसी बेस: यादीत आहे. फास्ट रेड टीआर बेस: आहे. फास्ट ब्लू बी बेस: आहे. बेस आणि नॅप्थॉलच्या जोडीने सुती कापडावर जे गडद मरून, लाल आणि निळे रंग चढायचे, त्यांचा हा कच्चा माल. कापडावर रंग तयार झाला की तो बांधला जातो. पिंपात मात्र ते अमाइन उघडं, मोकळं, किलोकिलोने पडलेलं असतं.

आणि ते पिंप उघडत कोण होतं? पत्र्याच्या डब्याने पावडर काढून तराजूवर टाकणारा माणूस. फिल्टर प्रेस उघडून ओला केक हाताने खरवडून ट्रेमध्ये पसरणारा माणूस. ड्रायरमधून निघालेले ट्रे पल्व्हरायझरमध्ये उलटणारा माणूस. नाकाला रुमाल, रुमालाचा रंग त्या दिवशीच्या बॅचचा. पावडर खात्याला रोज गूळ मिळायचा, धूळ गुळाबरोबर खाली उतरते म्हणून. या माणसांच्या घरच्या उश्या रंगीत असतात, आंघोळ करून झोपलं तरी घामातून रंग येतो, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्याचे विनोदही व्हायचे. मी वर्षानुवर्षं सहा मिलिग्रॅमचा हिशेब मांडत होतो, तो हॅम्बुर्गच्या शर्टवाल्यासाठी. ट्रे उलटणाऱ्याचा हिशेब कधी मांडला नव्हता. मांडायला घेतला तेव्हा आकडे मिलिग्रॅममध्ये राहिले नाहीत. माझंच मात्रेचं तत्त्व माझ्यावर उलटलं, कारण मात्रा खरी होती ती तिथे.

मग जुनं वाचायला घेतलं. काँगो रेड हा बेन्झिडिनवर बनलेला रंग १८८४ मध्ये पॉल ब्योटिगरने शोधला आणि तुरटीबिरटी न लावता सरळ सुतावर बसणाऱ्या रंगांचं युग सुरू झालं, हे आम्हाला परीक्षेला होतं. फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन नावाच्या शल्यविशारदाने १८९५ मध्ये फुक्सिन रंगाच्या कामगारांतले मूत्राशयाचे ट्यूमर डॉक्टरांच्या परिषदेपुढे मांडले, हे परीक्षेला नव्हतं. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेन्झिडिन आणि बीटा-नॅप्थिलअमाइन यांना कर्करोगकारक ठरवलं होतं. ब्रिटनने १९६७ मध्ये बेन्झिडिनवर कायद्याने बंदी घातली. म्हणजे ज्याला आम्ही जर्मनांनी परवा काढलेलं खूळ म्हणत होतो, ते त्यांच्याच कारखान्यांत शंभर वर्षं माणसं आजारी पाडून मिळालेलं ज्ञान होतं. त्यांनी ते कामगारांवर शिकून घेतलं आणि बरंच उशिरा गिऱ्हाइकाच्या कायद्यात लिहिलं.

तो कायदा आमच्या कामगारासाठी नव्हताच. त्यात त्याचा उल्लेखही नाही. पण यादीतला बेस वापरून बनवलेलं कापड जर विकलंच जाणार नसेल, तर बेसचं पिंप आणून करायचं काय? आपल्याकडे बेन्झिडिनच्या ४२ रंगांना आधीच मनाई झाली होती. जर्मन बंदीच्या पाठोपाठ १९९७ मध्ये आणखी ७० ॲझो रंग त्यात आले आणि यादी ११२ वर गेली. आमच्याकडची ती खाती बंद झाली. बंद करताना मी पावडर खात्यातल्या एका जुन्या ऑपरेटरला कारण समजावत होतो. तो म्हणाला, “साहेब, मग आजवर नाकात गेलं त्याचं काय?” मी विषय बदलला.

उद्योग बुडेल हे आमचं भाकीत तर सपशेल आपटलं. मरून रंगाला रिॲक्टिव्ह रंगांतून पर्याय निघाले, काही ठिकाणी बेस बदलून काम भागलं. भारत आजही जगातल्या मोठ्या रंग निर्यातदारांपैकी एक आहे. धंद्यात ‘पर्यायच नाही’ असं कुणी म्हणालं की मी आता आधी विचारतो, शोधलात का?

२००७ मध्ये ‘रीच’ हा युरोपचा रसायनांच्या नोंदणीचा कायदा आला तेव्हा मी पुन्हा चिडलो होतो, पण त्यामागचा आकडा वाचून गप्प बसलो. सप्टेंबर १९८१ पूर्वी युरोपच्या बाजारात असलेली रसायनं ‘जुनी’ मानली गेली आणि त्यांना तपासणीविना मोकळं सोडलं गेलं. त्यांची संख्या १,००,१०६. धोका सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. १९९३ च्या नियमाखाली सरकारांनी तपासणीसाठी अग्रक्रमाने निवडली १४१. ‘रीच’ने हे उलटं केलं: वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त माल बनवायचा किंवा आणायचा असेल तर माहिती तुम्ही द्या, हेलसिंकीच्या संस्थेत नोंदणी करा, माहिती नाही तर बाजार नाही. खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. काही रंग युरोपला पाठवणं आम्ही सोडून दिलं, त्याची जखम आहेच. तरीही बनवणाऱ्याने आधी सांगावं, हे तत्त्व मला आता नाकारता येत नाही.

आता शाबूत राहिलेले आक्षेप. युरोपचा प्रत्येक निर्णय शास्त्राच्या दगडावरची रेघ असतो, हे मी मानत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड हे आमच्या शेजारच्या, पेंटवाल्यांच्या धंद्यातलं पांढरं सोनं. खाद्यपदार्थांत त्यावर युरोपने २०२२ मध्ये बंदी घातली; ब्रिटनच्या अन्नसंस्थेला ते कारण पटलं नाही. त्याच्या पावडरीला श्वासातून कर्करोगकारक ठरवणारं वर्गीकरण तर त्यांच्याच न्यायालयाने रद्द केलं आणि २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने ते रद्दच ठेवलं. प्लास्टिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल-एची रोजची सुरक्षित मात्रा पार्माच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये एका झटक्यात वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीची स्वतःची जोखीम-मूल्यांकन संस्था त्याला सहमत नव्हती. हे वाद मी त्यांच्या बाजूनेच मोजतो, कारण ते उघड्यावर होतात आणि हरलेला पक्ष कोर्टात जाऊ शकतो. पण युरोपने म्हटलं म्हणून डोळे मिटून मान डोलवावी, असं त्यात काही नाही.

दुसरा आक्षेप जास्त कडवट आहे. आमचा कामगार वाचला, तो अपघाताने. रंग शर्टात बसून त्यांच्या गिऱ्हाइकापर्यंत परत जात होता, म्हणून. जे परत जात नाही, त्याची त्यांना फिकीर नाही. स्वतःच्या शेतात बंद केलेली कीटकनाशकं बनवून बाहेर विकणं युरोपात कायदेशीर आहे. ते थांबवू, असं आश्वासन युरोपीय आयोगाने २०२० मध्ये दिलं, ते अजून अमलात आलेलं नाही. यवतमाळात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली. त्या हंगामात वापरलेली काही औषधं युरोपात चालत नाहीत. फवारणाऱ्याच्या फुप्फुसाची चाचणी त्यांच्या बंदरावर होत नाही.

पण यावरून त्यांना बोल लावून मोकळं व्हायचं, तर पंचाईत अशी की आपलं घर काही वेगळं नाही. परदेशातून येणाऱ्या कापडाला बंदी घातलेले रंग नसल्याचा दाखला आपण मागतो. इचलकरंजीतून किंवा सोलापुरातून युरोपला जाणारा माल तिकडच्या मर्यादेत आहे की नाही, हे तपासून घेतलं जातं. आठवडी बाजारात ढिगाने विकला जाणारा गडद लाल टॉवेल मात्र कुणी तपासत नाही, आणि त्याचं सूत रंगवणाऱ्या छोट्या शेडमध्ये कुठल्या पिंपातून काय निघतं, हे विचारायला कुणी जात नाही. यादी आहे, चाचणीची पद्धत आहे, मुंबईत टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे. एक ग्रॅम कापड लागतं आणि थोडं हायड्रो. राज्य सरकारने दर महिन्याला स्थानिक बाजारातून थोडे नमुने उचलावेत आणि निकाल दुकानाच्या नावासकट छापावेत. या मागणीच्या निवेदनाचा मसुदा करायला मी तयार आहे.