करंटवाल्या मॅडम

"मॅडम, शॉक नाही ना बसणार?"

हा प्रश्न मी विचारला. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केलेल्या माणसाने, फिजिओथेरपीच्या टेबलावर पालथं पडून! कमरेवर चार रबरी पॅड, त्यांच्याखाली ओले स्पंज आणि वरून वाळूची पिशवी.

"मुंग्या आल्यासारखं वाटेल सर. जास्त वाटलं की सांगा." असं म्हणून त्यांनी नॉब फिरवला.

खरंच मुंग्याच. आधी चार-दोन, मग अख्खं वारूळ. गंमत म्हणजे पाचेक मिनिटांनी मशीन बंद पडलं की काय असं वाटायला लागतं. ते चालूच असतं, आपल्यालाच सवय होते. मग मॅडम येऊन थोडं वाढवून जातात. इथे मर्दुमकी दाखवायची नाही बरं का. जाणवायला हवं, पण सोसायला लागता कामा नये. एकाच जागी चटका किंवा टोचल्यासारखं वाटलं तर लगेच हाक मारायची. बहुतेक वेळा पॅड नीट टेकलेला नसतो.

याला म्हणतात आयएफटी. एक करंट ४००० हर्ट्‌झचा, दुसरा ४१०० चा. दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे १०० ची लाट तयार होते. तानपुऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज कसा वरखाली हेलकावतो, तसंच. खिशातलं छोटं मशीन मिळतं ते टेन्स, ते थेट कमी फ्रीक्वेन्सीचाच करंट देतं. दुखणं कमी का होतं, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं : मज्जारज्जूत एक फाटक असतं, आणि स्पर्शाचे संदेश पुढे घुसले की वेदनेचे मागे अडतात. कोपर आपटल्यावर आई चोळायची ना, तेच.

असो. वीस मिनिटांनी उठलो तर कंबर गायब! म्हणजे दुखणं गायब. त्या आनंदात संध्याकाळी रिलीजला बसलो तो रात्री दोनपर्यंत. सकाळी मोजे घालता येईनात. असं तीनदा झालं. मग मी हुशारी केली. टेन्सचं मशीन विकत आणलं आणि शर्टाखाली लावून ऑफिसात बसायला लागलो. महिनाभर मस्त चाललं. मग एका रविवारी लेक "बाबा, उचल" म्हणाली आणि मला वाकताच येईना. तिने थोडा वेळ हात वर धरले आणि मग आईकडे गेली.

मॅडमना सगळं सांगितलं. वर ऐकवलं, की इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय, कंबरदुखीसाठी टेन्स आणि आयएफटी देऊ नका, उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही. मला वाटलं चिडतील.

"माहितीये," त्या म्हणाल्या. "बऱ्याच जणांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, एवढंच. मी करंट देते तो तुम्हाला व्यायाम करता यावा म्हणून. तुम्ही तो खुर्चीत बसायला वापरताय."

च्यायला, एरर दिसू नये म्हणून लॉगच बंद करणाऱ्या पोरांना मी स्वतः झापतो!

तुम्ही जाणार असाल तर पेसमेकर, गरोदरपण, फिट्स किंवा त्वचेचा बधिरपणा असल्यास आधी सांगा. गळ्यावर पुढच्या बाजूला पॅड लावायचे नाहीत. पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल तर करंट-बिरंट सोडा, तडक हॉस्पिटल गाठा.

सध्या रोज सकाळी पंधरा मिनिटं व्यायाम आणि संध्याकाळी चालणं. कंटाळवाणं आहे, आणि दुखतंही अधूनमधून. लेकीला उचलतो, पण आधी गुडघ्यात वाकून. मशीन कपाटात आहे. त्यातली नऊ व्होल्टची बॅटरी काढून मल्टिमीटरला लावली.