चांदाची अकरावी तारीख

माझ्या अम्मीचं माहेर मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीकाठी. घराच्या ओट्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात जंजिरा दिसायचा, असं ती नेहमी सांगते. पण त्या किल्ल्यात तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मामू आणि त्यांचे दोस्त होडीतून जायचे. मुलींना कोण नेणार? अठराव्या वर्षी निकाह झाला आणि ती पनवेलला आली. नंतर माहेरी जाणं व्हायचं ते लग्नाला, नाहीतर मयतीला. आता ती त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि दोन्ही गुडघे झिजले आहेत. एकदा माझी नववीतली मुलगी सहज म्हणाली, "नानी, तू किल्ल्यासमोर जन्मलीस आणि किल्ला मात्र आम्ही शाळेच्या सहलीत पाहिला!" अम्मी हसली. ते हसणं माझ्या मनात अडकून राहिलं.

सहलीच्या बसने तिला नेणं शक्य नव्हतं. चाळीस माणसं, प्रत्येक ठिकाणी ठरलेला अर्धा तास, उशीर झाला की शिट्टी. म्हणून आम्ही फक्त आमच्यापुरती गाडी आणि दिवसभरासाठी एक गाईड ठरवला. गाईड मुरूडचाच, कोळीवाड्यातला पंचविशीचा मुलगा. दोन्हींचे मिळून साडेसहा हजार रुपये. शिक्षकाच्या घराला ही रक्कम लहान नाही, पण थांबायचं कुठे आणि किती वेळ, हे आपल्या हातात राहणार होतं. शाळेचं गॅदरिंग आटोपल्यावर मधल्या वारी एक सुट्टी मिळाली, तो दिवस पक्का केला.

आदल्या संध्याकाळी गाईडने मोबाईलवर बेत पाठवला. सकाळी अलिबाग, मग चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीदचा किनारा, दुपारचं जेवण मुरूडला आणि तीन वाजता जंजिरा. मी तो अम्मीला वाचून दाखवला. ती उठून गॅलरीत गेली, चांदाकडे पाहिलं आणि विचारलं, "उद्या रजबची कितवी?"

"अकरावी."

"मग तीनला नाय जायचं. तीनला सुकती असते. होडी खाली राहील, पायरी वर. पहिलं किल्ल्यात जायचं, नऊ-साडेनऊला. बाकी सगलं येताना."

मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे. त्या मुलाला फोन करून सांगायचीही लाज वाटत होती. रोज पर्यटक फिरवणाऱ्याला आम्ही काय शिकवणार! तरी फोन लावला. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "मॅडम, आजी बरोबर बोलतायत. पण लोकांना सकाळी बीच हवा असतो, म्हणून मी सगळ्यांना तसाच बेत देतो. आजींचे गुडघे दुखतात हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

खरंच, मी सांगितलं नव्हतं.

रात्री माझ्या भावाचा फोन आला. त्याने चांगलंच सुनावलं. "डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय, आणि तू तिला हलत्या होडीत बसवणार? पाय मोडला तर जबाबदार कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारी बसलेल्या अम्मीने फोन घेतला आणि म्हणाली, "पाय माझे हायत. मी बघीन." पुढे कोणी काही बोललं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

पहाटे पाचला निघालो. पळस्पे फाट्यावरून कर्नाळ्याच्या बाजूने पेणला आलो, फजरची नमाज वाटेतल्या मशिदीत झाली. पुढे वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि रस्ता समुद्राला लागला. इथून मुरूडपर्यंतचा किनारा एकसारखा नाही. मध्येच सुरूच्या बनामागे पांढरी वाळू, आणि वळण घेतलं की डोंगराचा काळा कातळ थेट पाण्यात उतरलेला. डाव्या हाताला फणसाडचं जंगल. एके काळी ती जंजिऱ्याच्या नवाबांची शिकारीची जागा होती, १९८६ पासून अभयारण्य आहे.

गाडीत माझ्या मुलीने विचारलं, "नानी, तुला वेळ कशी कळली?" अम्मी म्हणाली, "हिशोब हाय." तो हिशोब असा: कोळी तिथी मोजतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आपली चांदाची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे चालते, म्हणून आधी एक मिळवायचा. अकरा आणि एक बारा. बाराची पाऊणपट नऊ. नऊच्या सुमारास भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे तीनला, सुकती. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. सातवी-आठवीला भांग, तेव्हा चढउतार कमी.

मी गप्प झाले. शाळेत भाषेबरोबर भूगोलाचा तासही माझ्याकडे असतो. भरती-ओहोटीचा धडा मी एकोणीस वर्षं शिकवते आहे. टेबलावर दिवा, हातात चेंडू, 'चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच उशिरा येते', हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पाऊणपट म्हणजे तेच की. रोजची पन्नास मिनिटं म्हणजे ढोबळमानाने पाऊण तास. मी पुस्तकातून शिकवत होते आणि ज्या बाईने हा हिशोब पायाखाली वापरला होता, ती संध्याकाळी माझ्याच घरात लसूण सोलत बसलेली असायची.

सव्वानऊला राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो. मधला वार असल्यामुळे गर्दी नव्हती. शिडाच्या होडीत तांडेलाने अम्मीला मधल्या फळीवर बसवलं. किल्ला जवळ येईपर्यंत त्याचा दरवाजा दिसतच नाही, नुसती तटबंदी दिसते. अगदी समोर गेल्यावर दोन बुरुजांच्या मधून तो उघडा होतो. पाणी चढलेलं होतं. होडीचा काठ आणि पायरी यांत हातभरही अंतर नव्हतं. गाईड आधी उतरला, तांडेलाने मागून आधार दिला, एक लाट खाली गेली, दुसरी वर आली, आणि त्या वरच्या लाटेबरोबर अम्मीने पाय टाकला. "बिस्मिल्लाह" एवढंच ऐकू आलं. मी डोळे उघडले तेव्हा ती दरवाजात उभी होती आणि वर कोरलेला, पंजात हत्ती धरलेला सिंह पाहत होती.

आत ती फार फिरली नाही. बुरुजावर चढणं शक्यच नव्हतं. मुलांनी वर जाऊन कलाल बांगडी तोफ पाहिली. अम्मी गोड्या पाण्याच्या तलावाकाठी बसून राहिली. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे गोडं. "भाई सांगायचा, मना खोटा वाटायचा," ती म्हणाली. तिथून तिने तटाच्या फटीतून आपल्या गावाचा किनारा शोधला. आयुष्यभर तिने तिकडून इकडे पाहिलं होतं. आज पहिल्यांदा इकडून तिकडे पाहत होती.

गाईडने इतिहास चांगला सांगितला. जंजिरा हा शब्द अरबी 'जज़ीरा' म्हणजे बेट यावरून आला. सिद्दी मूळचे आफ्रिकेतल्या हबशाणातले. हा किल्ला लढून कुणालाच घेता आला नाही. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं तेव्हाच सिद्दींची सत्ता संपली. समोर पाण्यात दिसणारा पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह देण्यासाठी बांधला. माझ्या मुलीने हळूच विचारलं, "म्हणजे ही हिंदू-मुसलमानांची लढाई होती का?" ती हे का विचारते आहे, मला माहीत होतं, वर्गात तिला असे प्रश्न येतात. गाईड म्हणाला, "नाही ताई. महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता. आणि पहिल्या पेशव्यांचं भट घराणं श्रीवर्धनचं, सिद्दीच्या मुलखातलं देशमुख. लढाई समुद्र कुणाचा याची होती." एका कोळ्याच्या मुलाने माझ्या मुलीला हे किल्ल्यात उभं राहून सांगितलं, याचं मला फार समाधान वाटलं.

मुरूडला एका खाणावळीत तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण झालं. जुहरची नमाज आम्ही प्रवासी म्हणून दोन रकात पढली आणि परत निघालो. कोर्लईजवळ पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. सकाळी जिथे लाटा फुटत होत्या तिथे आता दूरवर काळे खडक उघडे पडले होते. अम्मीचा हिशोब समोर मांडून ठेवल्यासारखा दिसत होता. खडकांवर चार-पाच बायका उकिडव्या बसून कालवं काढत होत्या. अम्मी म्हणाली, "गाडी थांबव."

ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे न बघता सांगू लागली. आठ-नऊ वर्षांची असताना तीही आपल्या माँबरोबर अशीच कालवं काढायला जायची. शिंपल्याची धार सुरीसारखी, बोटं कापायची, त्यात खारं पाणी. भरती कधी फिरणार हे कळलं नाही तर खडकावर अडकायचं. म्हणून आधी हिशोब शिकवला जाई, मग हातात कोयती. कालवं विकून आलेल्या पैशांतून तिने पाटी घेतली होती. चौथीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि शाळेची वेळ सुकतीच्या वेळेवर येत होती.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"तू कधी विचारलंस?" तिच्या आवाजात राग नव्हता. "तू शिकलेली. मना वाटलं, तुला हे सगलं पुस्तकात असेल."

मी तिचा हात हातात घेतला. पनवेलच्या घरात भाकरी थापताना मी हे हात चाळीस वर्षं पाहिले आहेत. बोटांच्या पेरांवर बारीक पांढऱ्या रेषा आहेत. मी त्या भाजल्याच्या समजत होते.

चौलला पोहोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. हे एके काळचं मोठं बंदर. अरब प्रवासी मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, इथे आला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की, इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि कित्येक याच मातीत जन्मलेले. आता तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. मला वाटलं, ती गलबतंही याच चांदाच्या हिशोबावर खाडीत शिरली असतील. मसऊदीचं पुस्तक उरलं, म्हणून तो आपल्याला माहीत आहे. खडकावर बसून भरती मोजणाऱ्या बायकांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांच्याजवळ जे होतं, ते विचारल्याशिवाय मिळणारं नव्हतं.

रात्री साडेनऊला पनवेलला पोहोचलो. अम्मीचे गुडघे सुजले होते. दोन दिवस ती अंथरुणावरच होती. भावाने पुन्हा सुनावलं आणि मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि माझ्या मुलीने वही उघडली. भांग, उधाण, सुकती, कुठल्या वाऱ्याला काय म्हणतात, असं एकेक ती लिहून घेते आहे. दहा पानं झाली आहेत. यंदा भरती-ओहोटीचा धडा शिकवायला मी अम्मीला वर्गात नेणार आहे, इन्शाअल्लाह. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. अम्मीने अजून दिलेली नाही.

गेल्या आठवड्यात त्या गाईडचा फोन आला. एका कुटुंबात आजोबा काठी घेऊन चालतात, त्यांना किल्ल्यात न्यायचं आहे. कोष्टक त्याच्या मोबाईलमध्ये असतं, तरी म्हणाला, "मॅडम, जरा आजींना विचारता का, पुढच्या रविवारी किती वाजता बरं पडेल?"

मी फोन अम्मीकडे दिला. तिने तो कानाला लावला आणि आधी विचारलं, "बाला, त्या दिवशी चांदाची कितवी?"